जुन्या पिकअपचे पासिंग आणि व्यापाऱ्याचा हिशेब

कापड विणून तयार झाले म्हणजे धंद्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम ते वेळेवर पोचवण्याचे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत हे दुसरे निम्मे काम लहान गाड्या करतात. गल्लीबोळात मोठा ट्रक शिरत नाही. सुताची पोती कारखान्यावर टाकायची, ग्रे कापडाचे ताके उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या गोदामावर उतरवायचे, ही सारी धावपळ पिकअप, छोटा हत्ती नाहीतर ४०७ करते. टाटाची ४०७ बाजारात आली १९८६ साली आणि छोटा हत्ती २००५ साली. आमच्या लाइनीत आजही पंधरा-सोळा वर्षांच्या गाड्या रोज माल ओढताना दिसतील. हप्ते कधीच फिटलेले असतात, ड्रायव्हरचा हात बसलेला असतो, त्यामुळे मालकाला ती गाडी काढवत नाही.

अशा गाडीच्या मालकाला वर्षातून एक तारीख मात्र घाम फोडते. ती म्हणजे पासिंगची तारीख. सरकारी कागदावर त्याचे नाव योग्यता प्रमाणपत्र, बाजारात कुणी फिटनेस म्हणतो, पण सर्वांच्या तोंडी शब्द पासिंग हाच. या पासिंगकडे आपले बहुतेक व्यापारी बंधू एक दिवसाची कटकट म्हणून पाहतात. माझे म्हणणे असे, की पासिंग हा वर्षभराच्या हिशेबाचा ताळेबंद आहे. वर्षभर वह्या लिहिल्या नाहीत तर मार्चअखेरीस मुनीम काय करणार? तसेच गाडीचे आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे, धंद्याच्या गाडीकडे योग्यता प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच वैध मानली जात नाही. हे वाक्य नीट लक्षात घ्यावे. आरसी बुक कपाटात असले तरी पासिंग संपले की गाडी बिननोंदणीची ठरते. तिला मग कलम १९२ लागते. पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड, पुन्हा सापडल्यास पाच ते दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, असे ते कलम आहे.

२०१८ साली नियम बदलला. आता धंद्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असते, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे जुन्या पिकअपला दरसाल ही परीक्षा आहेच.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. भारासह एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, हे खरे आहे. म्हणून काही छोटे व्यापारी समजतात की पासिंगही लागत नाही. तसे नाही. परमिटची माफी वेगळी, पासिंग वेगळे. छोट्या हत्तीलाही पासिंग करावेच लागते.

दंडापेक्षा मोठी बाब विम्याची आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात एका पिकअपचेच प्रकरण गेले होते. गाडी नवी होती आणि विमा चालू होता, पण तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी अपघात झाला. नोंदणी वैध नव्हती म्हणून मालकाला गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळाली नाही. ते प्रकरण नोंदणीचे होते, पासिंगचे नव्हे. पण कलम ५६ ने दोन्ही एकमेकांना बांधून ठेवले आहेत, आणि विमा कंपनीचा वकील हा धागा सोडत नाही. अपघातात कुणी माणूस जखमी झाला, तर कंपनीने आधी पैसे भरावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असेही हुकूम न्यायालये देतात. एका अपघातात दुकान, घर सगळे पणाला लागू शकते.

आधी कागद, मग गाडी

गॅरेजला जाण्यापूर्वी कागद तपासावेत. विमा, पीयूसी, रोड टॅक्स आणि आठ वर्षांवरील धंद्याच्या गाडीला लागणारा पर्यावरण कर, हे चारही भरलेले हवेत. जुनी चलने अंगावर असतील तर ती आधी निकालात काढावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी. अर्ज आणि फी ऑनलाइन भरून तारीख घ्यावी लागते.

फीबद्दल एक सूचना. गाडीच्या वयाप्रमाणे फी चढत जाते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची फी बरीच वाढली आणि पुढेही तिच्यात बदल झाले. म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय भरले ते विचारण्यापेक्षा अर्ज भरताना दिसणारा आकडा खरा मानावा. मुदत टळल्यास दिवसाला पन्नास रुपये जादा, असा नियम केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये केला. २०२४ साली आपल्या राज्यात रिक्षा-टेम्पोवाल्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केले व सरकारने त्याला स्थगिती दिली. परंतु स्थगितीच्या भरवशावर धंदा करणे हे शहाण्याचे काम नाही. मुदत संपण्यापूर्वी महिनाभर कामाला लागावे.

गाडी कुठे अडते

जुनी गाडी नापास होते ती इंजिनामुळे क्वचित. अडते ती लहान लहान गोष्टींवर. एकेक पाहू.

पहिली गोष्ट चेसिस नंबरची. इन्स्पेक्टर तो ताडून पाहतो. जुन्या गाडीत त्यावर गंज आणि रंगाचे थर चढलेले असतात. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन हलक्या हाताने साफ करावा. ग्राइंडर लावू नये, आणि पुसट झालेला आकडा कुणाकडून परस्पर ठोकून घेऊ नये. प्रामाणिक मालकही त्यामुळे चोरीच्या गाडीच्या संशयात सापडतो.

दुसरी गोष्ट दिव्यांची. मागचा दिवा लागत नाही म्हणून लोक बल्ब बदलत बसतात. पुष्कळदा मूळ दोष अर्थिंगचा असतो. हौद्याचा पत्रा गंजला की वायरचा जोड सुटतो. तो घासून नवा बोल्ट लावला की सगळे दिवे उजळतात. पुढच्या दिव्याचा आतला आरसा काळा पडला असेल तर मात्र दिवाच बदलावा आणि फोकस करून घ्यावा. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल लागते. ती मान्यताप्राप्त कंपनीचीच हवी.

तिसरी गोष्ट टायरची. खाच किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. टायरच्या खाचेत कंपनीने लहान उंचवटे दिलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकले की त्याचे आयुष्य संपले.

चौथी गोष्ट धुराची. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे, बीएस-४ ला ५०. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल ठिबकत असेल किंवा पंपाचे टायमिंग हलले असेल तर काळा धूर येतो. प्रथम फिल्टर बदलावा, कारण तो सर्वांत स्वस्त. नंतर नोझल तपासावे. आणि तपासणीला इंजिन गरम करूनच न्यावे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. जुन्या पिकअपमध्ये मागच्या चाकाचे सिलिंडर गळतात, किंवा एक्सलचे सील फाटून लायनरवर तेल येते. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. पेट्रोलने लायनर धुऊन दोन दिवस काम भागते, पण तो इलाज नाही. सील आणि लायनर दोन्ही नवे टाकावेत, तेही दोन्ही चाकांना सारखेच. हँडब्रेकची केबल पाहून घ्यावी. स्टेअरिंगचा प्ले, किंगपिन, टायरॉडचे एंड, पाट्यांचे यु-बोल्ट, हेही उस्तादाला जॅक लावून बघायला सांगावे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या कापड लाइनीची. कापड जागा जास्त खाते, वजन कमी असते. म्हणून अनेकांनी हौद्याला वरून फळ्या आणि अँगल लावून उंची वाढवलेली असते. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. आणि उंची वाढवली की कापडाच्या जागी एके दिवशी सुताची पोतीही तेवढ्याच उंचीपर्यंत भरली जातात. मग पाटे बसतात आणि ओव्हरलोडचा वीस हजारांचा दंडही बसतो. वाढवलेली उंची उतरवून मगच गाडी न्यावी, आणि पुन्हा चढवू नये.

उसने टायर, उसने दिवे

आता जे सांगायचे ते थोडे कडू आहे. पासिंगच्या दिवसापुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवणे, दिवे उसने आणणे, स्पीड गव्हर्नर जोडून संध्याकाळी काढून टाकणे, हा रिवाज कुणाला ठाऊक नाही? दलाल म्हणतो, शेठ, तुम्ही गाडी पाठवा, बाकी मी बघतो. प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी जुन्या टायरवर मुंबई–आग्रा महामार्गाला लागते.

हा हिशेब कुणाला फसवतो? सरकारला नव्हे. राहुड घाट किंवा कसारा घाट उतरताना ब्रेक पाहिजे असतो, कागद नव्हे. रिकामी गाडी ज्या ब्रेकवर मैदानात थांबते, तीच गाडी सुताने भरल्यावर उतारावर थांबेल याची खात्री नसते. त्या केबिनमध्ये आपला ड्रायव्हर असतो, शेजारी हमाल असतो. दोघांच्या घरी चूल त्यांच्या मजुरीवर पेटते. हौद्यात जो माल असतो तोही पुष्कळदा आपला नसतो, कुणाचा जॉबवर विणलेला, कुणाचा उधारीवर घेतलेला. ती अमानत आहे. गाडी खोट्या टायरवर धाडणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर आणि दुसऱ्याच्या मालावर आपला खर्च वाचवणे.

शिवाय ही युक्ती यापुढे फार दिवस चालणारही नाही. पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला आणि आरटीओंना ब्रेक तपासणीसाठी अडीचशे मीटरचा ट्रॅक करावा लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. अशा केंद्रात चाके रोलरवर चढवतात आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो. डाव्या-उजव्या चाकांतला फरक यंत्रच दाखवते. दिवे, धूर, स्पीड गव्हर्नर, सगळ्याचे मोजमाप यंत्रावर. यंत्राला ओळखपाळख नसते. आपल्या गाडीची तपासणी कुठे व्हायची, हे अर्ज करतानाच पाहून घ्यावे.

ठेवायची की मोडीत काढायची

शेवटी प्रश्न उरतो तो व्यापाराचा. जुनी गाडी ठेवावी की काढावी? माझा साधा नियम आहे. गाडीच्या नावाची एक वही करावी. त्यात वर्षभराची दुरुस्ती, टायर, पासिंगची फी आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असताना भाड्याच्या टेम्पोला दिलेले पैसे, सगळे लिहावे. हा शेवटचा आकडा लोक लिहीत नाहीत, आणि खरा तोटा तिथेच असतो. वर्षाची ही बेरीज नव्या किंवा कमी जुन्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांजवळ पोचली, तर जुन्या गाडीचा मोह सोडावा.

चेसिस कुजली असेल तर वही उघडण्याचीही गरज नाही. वेल्डिंगचे ठिगळ कापडाला शोभते तसे चेसिसला शोभत नाही. अशी गाडी भंगारवाल्याला न देता सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळते. नवी धंद्याची गाडी घेताना त्यावर रोड टॅक्समध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय गाडी सोडू नये, नाहीतर तिच्या नंबरवर कुणी काय केले याचा जाब आपल्याला द्यावा लागतो.

पण चेसिस शाबूत असेल, इंजिन दमदार असेल, तर पंधरा वर्षांची पिकअपही इमानाने पास होते. दर तीन महिन्यांनी एक शुक्रवार, दुकान बंद असते त्या दिवशी, ड्रायव्हर आणि उस्ताद यांना सोबत घेऊन वरच्या यादीप्रमाणे गाडी पाहावी. दोष लहान असतानाच काढला तर खर्च लहान राहतो. ड्रायव्हर ब्रेकची तक्रार करतो तेव्हा त्याला गप्प करू नये. गाडी रोज त्याच्या पायाखाली असते, आपल्या नव्हे.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी कागद काढावा आणि पासिंगची तारीख बघावी. ती तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी, आणि तिच्या महिनाभर आधीची तारीखही.