साध्या मजकुरातील टिपणे आणि मराठीचा अर्धा ‘र’

संशोधकाने आपली टिपणे संगणकावर कोणत्या रूपात ठेवावी, या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि आमच्या मते अजूनही सर्वांत भरवशाचे उत्तर ‘साधा मजकूर’ हेच आहे. साध्या मजकुरात अक्षराचा रंग, आकार, ठळकपणा यांपैकी काहीच साठविले जात नाही; एकामागून एक येणाऱ्या वर्णांचे संकेतांक तेवढे नोंदले जातात. म्हणून अशी टिपणवही कोणत्याही एका आज्ञावलीची अंकित राहत नाही. कार्स्टेन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ‘ऑर्ग-मोड’, जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मार्कडाउन’ ही लेखनपद्धती आणि २०२० मध्ये लोकांच्या हाती आलेले ‘ऑब्सिडियन’, या सर्वांची भिस्त याच गुणावर आहे. युनिकोडपूर्व काळातील, विशिष्ट टंकाशी बांधलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांची रास होऊन पडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या गुणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तथापि मराठी टिपणांच्या बाबतीत या साधेपणात एक अडचण दडलेली आहे, आणि तिच्याविषयी टिपणे ठेवणारे व आज्ञावली रचणारे यांच्यात जो संवाद होतो तो पुष्कळदा निष्फळ ठरतो. तसे का व्हावे, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

उदाहरण आपल्याच परिसरातील घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाविषयी औसा तालुक्यातील वृद्धांच्या आठवणी दोन अभ्यासक उतरवून घेत आहेत, असे समजा. एक लातूरला बसून लिहितो, दुसरा नांदेडला. ‘शेतकऱ्यांनी’, ‘गावकऱ्यांना’, ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द दोघांच्याही टिपणांत पदोपदी येतात आणि पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात. परंतु सर्व टिपणे एकत्र करून ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द शोधला, तर एकाच अभ्यासकाची टिपणे हाती लागतात. काही राहून गेले, असे यंत्र सांगत नाही. या शोधावरून कोणी शब्दांची मोजदाद केली आणि तीवरून निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष लोकांच्या बोलण्याविषयीचा नसून दोन कळफलकांविषयीचा ठरेल.

याचे मूळ आपल्या लिपीत आहे. मराठीत ‘र’ पुढील व्यंजनाला कधी रफाराच्या रूपाने जोडला जातो, तर ‘य’ आणि ‘ह’ यांच्यापूर्वी कधी आडव्या कोरीच्या रूपाने. हा भेद अर्थाचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. आचार्यास वंदन करावयाचे, आचाऱ्यास स्वयंपाक सांगावयाचा. हिंदीला हा भेद लागत नाही. संगणकावर तो राखण्यासाठी युनिकोडने दोन रीती मान्य केल्या आहेत. पहिली १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणसंकेताला अनुसरते: तीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण, संकेतांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्तचिन्ह येते. दुसऱ्या रीतीत नेहमीचा ‘र’, संकेतांक ०९३०, त्यापुढे हलन्तचिन्ह आणि त्यापुढे २००डी या संकेतांकाचा, रुंदी नसलेला एक अदृश्य जोडक येतो. ही रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून कायम ठेवण्यात आली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ ला स्वतःचे स्थान असल्याने तेथे पहिली रीत आपोआप घडते. इतर कळफलकांत कोणती रीत योजावयाची, हे तो कळफलक रचणाराच ठरवितो आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

यात आणखी एक पदर आहे. ‘ऱ’ हा वर्ण ‘र’ आणि नुक्ता असा विभागूनही लिहिता येतो. या दोन रूपांना युनिकोड समतुल्य मानते, त्यामुळे सामान्यीकरणाच्या ठरलेल्या क्रियेने ती एक करता येतात. मॅक संगणकांची जुनी ‘एचएफएस प्लस’ ही संचिकारचना नावे विभागलेल्या रूपातच साठवीत असे. ‘शेतकऱ्यांच्या मुलाखती’ या नावाच्या टिपणाकडे नेणारा दुवा अन्य यंत्रावर तुटावा, याचे हे एक कारण. अदृश्य जोडकाचे रूप मात्र या समतुल्यतेत बसत नाही. सामान्यीकरण केले की काम झाले, असे समजणाऱ्या रचनाकाराची येथेच फसगत होते.

आता संवादाकडे वळू. वापरणारा तक्रार करतो की मराठी शब्द सापडत नाही. रचनाकाराला बहुधा मराठी येत नाही. तो तक्रारीतलाच शब्द उचलतो, एका कोऱ्या टिपणात चिकटवितो, तोच पुन्हा शोधतो. शब्द अर्थातच सापडतो, कारण दोन्हीकडे संकेतांक एकच. तक्रार निकालात निघते. वस्तुतः दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. अशा तक्रारीत शब्दाची दोन्ही रूपे संकेतांकांसह द्यावयास हवीत. पडद्याचे छायाचित्र जोडून काही उपयोग नाही, कारण छायाचित्रात ती दोन्ही सारखीच दिसणार.

तक्रार समजल्यावरही रचनाकारापुढे खरा पेच उरतो. शोधाच्या वेळी नुक्ता आणि अदृश्य जोडक दोन्ही दुर्लक्षिले, तर शेतकरी सर्व सापडतील. पण मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही भेद उरणार नाही. आमचा कौल या सैल शोधाच्या बाजूने आहे. नको ते सापडले तर वाचणारा ते डोळ्यांनी बाजूला सारतो. जे सापडलेच नाही ते बाजूला सारण्याइतकेही दिसत नाही. मूळ टिपणांतील संकेतांक मात्र आज्ञावलीने परस्पर बदलू नयेत. शोधासाठी वेगळी सूची करावी, मुलाखत जशी लिहिली तशी राहू द्यावी.

‘ॲ’ ची स्थिती थोडीफार अशीच आहे. २००८ च्या ५.१ या आवृत्तीत त्याला ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यापूर्वीचा, ‘अ’ वर चंद्र देऊन केलेला ‘ॲ’ त्याच्याशी समतुल्य धरला जात नाही. याउलट ‘ल’ आणि ‘श’ यांची महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निश्चित केलेली मराठी वळणे पडद्यावर दिसत नाहीत, ही तक्रार केवळ रूपाची आहे. हा मजकूर मराठी आहे, असे सांगणारी खूण साध्या मजकुरात नसते, म्हणून टंक आपल्या मर्जीचे वळण दाखवितो. शोधाला त्याची बाधा नाही.

ज्यांची आज्ञावली अजून कडक शोधच करते, त्यांनी ‘शेतकर’ असेही शोधू नये. त्याने दुसऱ्या रीतीची रूपे सापडतील, पहिलीची सुटतील. ‘शेतक’ एवढेच शोधावे. त्यात ‘शेतकी’ही येईल, ते चालते. ‘वऱ्हाड’ शोधताना मात्र ‘हाड’ शोधण्यावाचून गत्यंतर नाही. आणि एकाहून अधिक जण टिपणे घेत असतील, तर प्रत्येकाने आपल्या पहिल्या टिपणातच कळफलकाचे नाव नोंदवून ठेवावे.