लाल कोब्याचा हिशेब

पडवीला लाल कोबा करायचा, भोवती काळी पट्टी काढायची, अशी पुष्कळांची हौस असते. हौस चांगली आहे. शेणाने सारवलेली जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी सारवावी लागते. कोबा नीट झाला तर वर्षानुवर्षे टिकतो. पण हिशेब चुकला तर हौसेचा पैसा पाण्यात जातो.

रत्नागिरीकडच्या एका घरची गोष्ट ऐका. गणपतीला मुंबईची माणसे येणार म्हणून घाईने कोबा काढला. माल आणला तो अंदाजाने. अर्धी पडवी झाली आणि लाल रंग संपला.

काकी म्हणाल्या, “गवंडीदादा, आता काय करायचं?”

गवंडी म्हणाला, “काकी, दुसऱ्या दुकानातून आणू. लाल तो लालच.”

रंग आणला. कोबा पुरा झाला. वाळल्यावर पाहिले, तर अर्धी पडवी विटकरी आणि अर्धी तांबडी! आता तो जोड कसा लपवणार? तिथे कायमची चटई पसरली आहे. दोन ओळींचा हिशेब आधी केला असता तर ही पाळी आली नसती.

चला तर, तो हिशेब आपण शिकू.

पहिली गोष्ट : मोजमाप

समजा, पडवी 12 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे. लांबीला रुंदीने गुणा. 12 गुणिले 10 म्हणजे 120 चौरस फूट. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचे सारे याच्यावर उभे आहे.

कोब्याचे थर तीन. सर्वांत खाली काँक्रीट, 3 इंच जाड. त्यावर सिमेंट-रेतीचा माल, 1 इंच. सर्वांत वर रंगाचा थर, फक्त एक सूत. आठ सुतांचा एक इंच होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसरी गोष्ट : माल किती लागेल?

*खालचे काँक्रीट.* 3 इंच म्हणजे पाव फूट. 120 चा पाव हिस्सा 30. म्हणजे 30 घनफूट काँक्रीट हवे. पण कोरा माल 30 घनफूट आणला तर कमी पडेल. का? डबाभर चण्यांत वाटीभर रवा ओता. डबा वर येत नाही. रवा चण्यांच्या फटीत बसतो. तसेच खडीच्या फटीत रेती बसते आणि रेतीच्या फटीत सिमेंट. म्हणून कोरा माल दीडपट धरावा. 30 ची दीडपट 45 घनफूट.

आता 1 भाग सिमेंट, 3 भाग रेती, 6 भाग खडी असे प्रमाण धरू. एकूण भाग 10. एक भाग म्हणजे साडेचार घनफूट. तेव्हा सिमेंट साडेचार, रेती साडेतेरा आणि खडी 27 घनफूट लागेल. सिमेंटचे पोते 50 किलोचे असते. त्यात सुमारे सव्वा घनफूट सिमेंट मावते. साडेचार घनफुटांना पावणेचारच्या आत, म्हणजे 4 पोती धरा.

*मधला माल.* 120 चौरस फुटांवर 1 इंच थर म्हणजे 10 घनफूट. इथे कोरा माल एक तृतीयांश जास्त धरावा, म्हणजे सव्वातेरा घनफूट. 1 भाग सिमेंट आणि 3 भाग रेती. सिमेंट सुमारे सव्वातीन घनफूट, म्हणजे 3 पोती. रेती 10 घनफूट.

*वरचा रंगाचा थर.* एक सूत जाडीला 120 चौरस फुटांस 1 पोते सिमेंट पुरते. त्यात साडेतीन किलो रंग घालावा. जास्त रंग घातला तर जास्त लाल होईल, असे वाटते. पण 50 किलो सिमेंटला 5 किलोच्या वर रंग कधीच घालू नये. रंग सिमेंटसारखा पकडत नाही. तो फार झाला की कोबा कच्चा राहतो आणि भुकटी सुटते.

काळी पट्टी

भोवती 6 इंचांची काळी पट्टी हवी असेल तर मधला लाल भाग 11 फूट आणि 9 फूट उरतो, म्हणजे 99 चौरस फूट. 120 मधून 99 गेले, उरले 21. तेवढी पट्टी काळी. यासाठी लाल रंग 3 किलो आणि काळा पाऊण किलो आणावा. सगळा रंग एकाच दुकानातून, एकाच खेपेला घ्यावा. सिमेंट आणि रंग कोरडेच एकदम मिसळून चाळून ठेवावे. मग छटा बदलत नाही.

चौकटी हव्या असतील तर थर ओला असतानाच ताणलेली दोरी दाबून रेघा पाडाव्यात. या नक्षीला पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट : खर्च

भाव रोज बदलतात. खालचे दर हिशेब शिकण्यापुरते धरले आहेत. तुम्ही आपल्या गावचे दर विचारून लिहा.

सिमेंट 8 पोती, दर 400 – 3,200 रुपये.
रेती 25 घनफूट, दर 80 – 2,000 रुपये.
खडी 30 घनफूट, दर 40 – 1,200 रुपये.
रंग पावणेचार किलो, दर 160 – 600 रुपये.
गवंडी 2 दिवस, रोज 900 – 1,800 रुपये.
दोन मजूर 2 दिवस, रोज 600 – 2,400 रुपये.

बेरीज 11,200 रुपये. नासधूस आणि अडीअडचण म्हणून दहावा हिस्सा वर धरा. तो 1,120. एकूण 12,320 रुपये. माल घरपोच आहे की गाडीभाडे वेगळे, हे आधीच विचारा.

100 घनफुटांचा एक ब्रास. आपल्याला रेती पाव ब्रास हवी. गाडी आली की हौदा मोजा. 5 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 1 फूट उंच रेती भरली तर 25 घनफूट बरोबर. मोजायला लाजू नका. पैसे तुमचे आहेत.

तीन सूचना

समुद्राची वाळू फुकट मिळाली तरी वापरू नका. तिच्यातले मीठ ओल धरते आणि लाल कोब्यावर पांढरा लोणा येतो. खारे पाणीही नको.

आपल्याकडे वैशाखात विहिरी तळाला जातात. कोब्याला तर निदान 7 दिवस पाणी मारावे लागते. पाणी नसेल तर कोबा तडकतो. म्हणून दिवाळीनंतर काम काढावे. तेव्हा पाऊस गेलेला असतो आणि विहीर भरलेली असते.

ओल्या सिमेंटने हात फुटतात. म्हणून हातमोजे घालावेत.

शेवटी एक गंमत सांगतो. आपला जांभा दगड लाल का? त्यात गंजलेले लोखंड आहे. कोब्याच्या लाल रंगातही तेच असते. म्हणून हा रंग उन्हाने सहसा उडत नाही. जांभ्याच्या घराला लाल कोबा शोभतो, तो उगीच नाही.

तुम्हीच करून पाहा

एक पडवी 15 फूट लांब आणि 8 फूट रुंद आहे. तिला माल वरच्याइतकाच लागेल की जास्त? आणि 6 इंचांची काळी पट्टी किती चौरस फूट होईल? वहीत मांडा. मग गवंड्याला बोलवा.