बाटलीतला कोळ

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावी भारतीय किराणा दुकानात शिरलं की चिंच निदान तीन रूपांत समोर येते. प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेली लादी, लहानशा डबीतला काळा घट्ट अर्क आणि थायलंडहून आलेला बाटलीतला तपकिरी, पातळसर कोळ. नवखं गिऱ्हाईक हाताला येईल ते उचलतं, कारण तिन्हींवर चिंचच लिहिलेलं असतं. मग रविवारची आमटी एकदा बेचव होते, एकदा घास घेववत नाही इतकी आंबट.

मुरलेली गृहिणी आधी डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचते. त्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव पाण्याचं असेल तर कोळ पातळ निघणार. वरच्या नावांत मीठ दिसलं तर आमटीतल्या मिठाला हात आखडता घ्यायचा. लादीला मागचं वाचून भागत नाही, ती अंगठ्याने दाबून पाहावी लागते. ताजी असेल तर बोट रुततं, जुनी झाली की लाकडासारखी लागते. काळी पडलेली चिंच मात्र वाईट समजू नये. नव्या चिंचेचा तांबूसपणा दिवस जातील तसा काळपट होतोच, आणि वर्षभराची मीठ लावलेली चिंच आपल्याकडे बरण्यांतून मुद्दाम ठेवली जाते.

या लादीमागे पुष्कळ हातांचं काम आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत महाराष्ट्रात चिंचा झोडपतात, उन्हात वाळवतात आणि मग बायका अंगणात किंवा शेडमध्ये बसून त्या फोडतात. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. एवढं करूनही एखादा चिंचोका गरात दडून राहतो. म्हणून पाकिटावर ‘सीडलेस’ छापलेलं असलं तरी लादीचा तुकडा थेट मिक्सरमध्ये टाकू नये. गोव्याकडच्या हुमणासाठी चिंच ओल्या खोबऱ्याबरोबरच वाटतात. तिथे ती आधी बोटांनी चाचपून घेतलेली बरी, कारण चिंचोका पात्याला दाद देत नाही.

काळ्या अर्काची गोष्ट निराळी. चिंचेचं पाणी आटवत आटवत तो डांबराइतका दाट केलेला असतो. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा, आणि हे आम्ल वाफेबरोबर उडून जात नाही. उडतो तो फळाचा वास. त्यामुळे अर्कात आंबटपणा भरपूर उरतो, चिंचपणा कमी. लिंबाएवढ्या चिंचेच्या जागी आधी अर्धाच चमचा अर्क वाटीभर गरम पाण्यात विरघळवून घ्यावा, चव बघावी, मग वाढवावा. थेट पातेल्यात टाकला तर त्याची गुठळी तळाशी जाऊन बसते.

आमटीत हा अर्क निभावून जातो. गूळ, गोडा मसाला, त्यातलं दगडफूल आणि खोबरं यांच्या संगतीत हरवलेल्या वासाची आठवण होत नाही. चिंचेच्या साराला मात्र तो चालत नाही. सारात तूप-जिऱ्याची फोडणी सोडली तर चिंचेला आडोसा कुठे आहे? तिथे लादीचा तुकडा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, हातानेच कोळून, गाळून घ्यावा. एवढी खटपट सारासाठी नक्की करावी.

थाई कोळ मुळात पॅड थाईच्या रसासाठी, ताडगूळ आणि फिश सॉसच्या जोडीला वापरतात. फळाची चव त्यात बरीच टिकलेली असते, त्यामुळे खजूर घालून केलेल्या भेळेच्या चटणीत तो छान मिळून येतो. अळूवडीच्या पिठाला मात्र त्याचं पाणी जड जातं. बेसन सैल होऊन पानावरून ओघळतं आणि वळकटी घट्ट बसत नाही. अळूची खाज मारायला आंबट तर हवंच. तिथे थोडासा काळा अर्क उत्तम, वडी जरा काळसर दिसली तरी चालेल. थाई बाटली उघडली की फ्रिजमध्येच ठेवायची आणि चमचा कोरडा घालायचा.

आणखी एक गोष्ट तिन्हींना सारखीच लागू. चिंच डाळीत घालायची ती डाळ, शेवग्याच्या शेंगा, वांगी सगळं मऊ शिजल्यावर. आम्ल आधी पडलं की भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहज सुटत नाही आणि शेंग तासभर उकळली तरी दाताखाली ताठच लागते. कोळ घातल्यावर चार-पाच मिनिटांची उकळी पुरे. त्याहून जास्त उकळून आंबटपणा कमी होत नाही. पाणी आटतं आणि आमटी उलट जास्तच आंबट होते. कोळ जास्त पडलाच तर गूळ वाढवावा, नाहीतर शिजलेली डाळ आणखी घालावी.

लादी कोळून झाल्यावर चोथा लगेच फेकू नये. त्यावर पुन्हा थोडं गरम पाणी ओतलं की दुसऱ्या दिवशीच्या भाजीपुरता कोळ सहज निघतो, आणि उरलेल्या चोथ्याने देवघरातली तांब्या-पितळेची भांडी घासता येतात.