ठेंगू माड लावण्याआधी

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातील वाड्यांमध्ये वाडवडिलांनी लावलेले माड मोडून पडले. बाणवली माड पुन्हा लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. शिवाय घरातील तरुण मुंबईत किंवा आखातात. मग चढणार कोण? म्हणून अनेकांची नजर ठेंगू माडाकडे वळते. हा तीन-चार वर्षांत फळ देऊ लागतो आणि सुरुवातीची बरीच वर्षे जमिनीवरूनच शहाळी काढता येतात.

पण फायद्याबरोबर तोटाही माहीत हवा. ठेंगू माडाचे खोबरे पातळ, तेलासाठी कमी प्रतीचे. त्याचे आयुष्य बाणवलीपेक्षा बरेच कमी आणि पाण्याची ओढ तो सहन करत नाही. शहाळ्याला गिऱ्हाईक आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी असेल तरच तो परवडतो. दोन्हींचा मेळ हवा असेल तर संकरित जातींचा विचार करावा.

प्रशिक्षणात पहिला धडा रोपाचा असावा. चौघाट ऑरेंज ड्वार्फचे अस्सल रोप देठाच्या नारिंगी रंगावरून ओळखता येते. देठ हिरवट किंवा तपकिरी दिसला तर शेजारच्या माडाशी संकर झालेला असतो. रोप 9 ते 12 महिन्यांचे, बुंध्याला जाड, पाच-सहा पानांचे घ्यावे. दोन रोपांत साधारण 25 फूट अंतर ठेवावे.

दुसरा धडा किडींचा. गेंड्या भुंगा शेणखताच्या उकिरड्यात वाढतो आणि माडाचा कोंब पोखरतो. त्या जखमेतून सोंड्या भुंगा आत शिरला की झाड वाचवणे कठीण. म्हणून उकिरडा वेळच्या वेळी उपसावा, कोंब दर आठवड्याला पाहावा.

आता हे शिकायचे कुणी? सातबारा अब्बांच्या नावावर असतो, पण आळ्यात पाणी घालतात अम्मी नाहीतर भाभी. प्रशिक्षणाचा निरोप मात्र बहुधा पुरुषांनाच जातो. नारळ विकास मंडळाने 2011 पासून यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले, त्यात महिलाही शिकल्या. मग जमिनीवरून काढता येणाऱ्या फळासाठी त्यांना मागे का ठेवायचे?

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. रोपे घेण्याआधी तिथे एक फेरी मारावी. जाताना वाडीत रोज राबणाऱ्या बाईला सोबत न्यावे आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत.