पायऱ्यांवरची अक्षरे



गेल्या सुट्टीत मी शिकागोला भाचीकडे गेले होते. ती डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहते. या रस्त्याच्या एका भागाला ‘गांधी मार्ग’ असे नाव आहे. साड्या, मसाले, मिठाई पाहून पोर्ट लुईच्या बाजारात आल्यासारखे वाटले. भाची म्हणाली, “मावशी, मसाले तुझ्याकडेही मिळतात. उद्या म्युझियम पाहू.”

बसने लोयोला स्टेशन, तिथून रेड लाइनने मनरो, मग थोडे पायी. आर्ट इन्स्टिट्यूटच्या दारात ब्राँझचे दोन सिंह १८९४ पासून उभे आहेत. आत फ्रेंच चित्रकार सेरा याचे प्रसिद्ध चित्र पाहिले. जवळून नुसते ठिपके, दुरून नदीकाठची माणसे!

पण मी जास्त वेळ थांबले ती मोठ्या जिन्यापाशी. याच वास्तूत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत श्रोत्यांना ‘बहिणींनो आणि भावांनो’ म्हणून हाक मारली आणि धर्मवेडाचा अंत व्हावा अशी आशा व्यक्त केली. पुढे २००१ साली त्याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये हजारो माणसे मारली गेली. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० साली ते भाषण या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडले. दिव्यांचे रंग पाच, अमेरिकन सरकारच्या धोक्याच्या इशाऱ्यांचे. पायरी चढायची आणि ओळ वाचायची. ते प्रदर्शन संपले. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्या कोऱ्या होत्या.

कोऱ्या पायऱ्या पाहून मला आपला आप्रवासी घाट आठवला. स्वामीजी ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीत बसले. त्याच बंदरातून आपले कितीतरी पूर्वज आधीच मॉरिशसला निघाले होते. घाटाच्या पायऱ्या चढून आलेल्यांना कोणी भाऊ-बहीण म्हटले नाही. त्यांना मिळाला तो नंबर.

भाचीने विचारले, “मावशी, आपल्या घाटावर काय लिहावे?”

मी म्हटले, “नावे.”

ती नावे हरवलेली नाहीत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांची दफ्तरे जपून ठेवली आहेत. घरातल्या वृद्धांना पणजोबांचे नाव विचारा, मुलांना सोबत घेऊन ते तिथे शोधा. मग एकदा त्यांना घाटाच्या पायऱ्यांपाशी न्या, आणि ते नाव मुलांच्या तोंडून मोठ्याने उच्चारू द्या.