पाण्याचं भांडं

संपादकांनी मला सीपॅप मशीनवर लिहायला पाठवलं. पुण्यातल्या त्या स्लीप लॅबमध्ये माझी नजर खिळली मात्र मशीनच्या पोटात सरकवलेल्या पाण्याच्या भांड्यावर.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींची श्वासाची वाट मिटते, माणूस गुदमरून दचकतो. सिडनीत १९८० मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून सतत दाबाची हवा सोडून ही वाट उघडी ठेवली; तोच सीपॅप. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. सुरुवातीचे मास्क तर नाकाला चिकटवावे लागत.

तेवढ्यात एक काका आले. “ताई, घोरणं थांबलं, पण सकाळी घसा वाळलेला, नाक चोंदलेलं आणि वर गळतंयसुद्धा.”

टेक्निशियनताईंनी दाबाला हात लावला नाही. “काका, झोपेत तोंड उघडं राहतं का?”

खरी मेख तिथेच होती. नाक आत येणारी हवा गरम आणि ओली करतं, बाहेर पडणाऱ्या श्वासातला थोडा ओलावा परत ठेवून घेतं. तोंड उघडं असलं की मशीनची हवा नाकातून शिरून तोंडावाटे निसटते आणि नाक नुसतं देतच राहतं. अस्तर सुकतं, त्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नाक बंद होतं. मग तोंड आणखी उघडतं. कोरडेपणानेच नाक गळतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

उपाय म्हणजे हवेला ओल देणारं ते भांडं. ताईंनी ते बाहेर काढलं. तळाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलेला. त्यांनी नखाने खरवडून दाखवला. “डिस्टिल्ड पाणीच घाला, रोज रिकामं करून धुवा.” वाफ वाढवली, तर थंडीच्या रात्री तिचंच नळीत पाणी होतं, गुळगुळ आवाज करतं आणि नाकावर टपकतं. म्हणून नळीला जुन्या स्वेटरची बाही चढवायची. गरम होणारी नळी मिळते, पण तिचे पैसे वेगळे. तोंडही झाकणारा मास्क घेतला, तर दाढीपाशी हवा फुसफुसते, कधी वर डोळ्यांत जाते. काहींच्या पोटात हवा भरते, ते रात्रभर ढेकर देतात.

मला काळजी वाटते ती इथेच. अशा बारीकसारीक त्रासाला कंटाळून माणसं मशीन कपाटावर टाकतात, आणि त्याच रात्री श्वास पुन्हा अडकायला लागतो.

“गावी हे पाणी कुठे मिळायचं?” काकांनी विचारलं.

“चार दिवसांपुरतं उकळून गार केलेलं चालेल. पण मशीन लावा हं, काका.”

काकांनी भांडं रुमालात गुंडाळलं आणि बाहीसाठी नळीची लांबी वितीने मोजू लागले.