‘झू’साठी फक्त एक तास?

दिवाळीच्या सुट्टीतली म्हैसूर-उटी-बंगळूर ट्रिप ठरलीय. फॅमिली ग्रुपवर बाबांनी टाकलेला कार्यक्रम तुम्ही वाचता. पॅलेस, चामुंडी हिल, ‘झू : १ तास’, ‘लालबाग : वेळ मिळाल्यास’. आणि तुमच्या तोंडून निघतं, ‘झू? मी काय आता दुसरीत आहे का?’

थांबा. भांडायचंच असेल तर त्या ‘१ तास’वरून भांडा.

गेल्या वर्षी आम्हीही अशाच एका टूरबरोबर गेलो होतो. टूर मॅनेजरने गेटवरच बजावलं, बरोब्बर तासाभरात सगळे बसपाशी! म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय १८९२ सालचं, दीडशे एकरांहून मोठं. त्यात जिराफांपाशीच आमची वीस मिनिटं गेली, कारण आजी तिथून हलेचना. उरलेल्या चाळीस मिनिटांत आम्ही जे केलं त्याला बघणं नाही, हजेरी लावणं म्हणतात. वाघ? झोपलाय, चला. हत्ती? झाला, चला. गोरिलाच्या पाटीपर्यंत पोचलो आणि मॅनेजरचा फोन आला.

गोरिला राहिला याची चुटपुट मला घरी येऊन वाचल्यावर जास्त लागली. इथे पोलो नावाचा गोरिला होता. १९९५ साली तो डब्लिनहून आला आणि २०१४ मध्ये गेला. अख्ख्या भारतात तो एकटाच गोरिला होता. गोरिला हा कळपात राहणारा प्राणी. पण अखेरची कित्येक वर्षं पोलोला दुसरा गोरिला दिसला नाही, दिसलो ते आपण, मोबाइल उंचावून उभे असलेले. २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेंबा हे दोन नर आले, म्हणजे आता निदान एकमेकांना सोबत तरी आहे.

मग हे प्राणी मुळात इथे ठेवायचेच कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडायलाच हवा. माझ्याकडे याचं एका वाक्यातलं उत्तर नाही. पण एक करून बघा. कुठल्याही एका प्राण्यापुढे पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. तो तीच तीच फेरी, त्याच रेषेवर, पुन्हा पुन्हा मारतोय का? कंटाळलेल्या, ताणाखाली असलेल्या प्राण्याचं ते लक्षण असतं. की तो माती उकरतोय, वास घेतोय, शेजाऱ्याशी भांडतोय? म्हैसूरला बऱ्याच ठिकाणी गज नाहीत, मध्ये खोल चर आहे आणि पलीकडे झाडंझुडपं. गजाआडचा प्राणी तुम्ही कधी पाहिला असेल तर दोन्हींतला फरक तुमचा तुम्हालाच कळेल. रील करण्यात ती पंधरा मिनिटं घालवू नका, एवढंच.

आणि हो, प्रत्येक फॅमिलीत वाघाला शिट्टी मारणारे एक काका असतात. त्यांना प्रेमाने सांगा, प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं किंवा खायला घालणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. (आमच्या काकांना पटलं नाही. पण शिट्ट्या थांबल्या.) मंगळवारी हे झू बंद असतं, ते बाबांच्या प्लॅनमध्ये आधी तपासा. आणि सकाळी उघडताक्षणीच आत शिरा. दुपारी वाघ झोपणारच, तुम्ही नाही का झोपत?

आता लालबाग. शेवटच्या दिवशी रात्रीची गाडी होती, म्हणून आम्ही टूर सोडून रिक्षाने गेलो आणि अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात छान दुपार तिथे मिळाली. १७६० साली हैदर अलीने ही बाग सुरू केली, टिपूने वाढवली. काचघर १८८९ चं. तिथे फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. पण मला आवडला तो क्रुंबीगल नावाचा माळी. मूळचा जर्मन, लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम केलेला, मग आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांच्या पदरी आणि तिथून म्हैसूर संस्थानात, लालबागेत. बंगळुरात रस्तोरस्ती झाडं लावताना त्याने असा हिशेब केला की एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, शहर कुठल्याच ऋतूत बिनफुलांचं राहू नये. शंभर वर्षांनी कुणाला तरी फुलं दिसावीत म्हणून वेळापत्रक आखणारा माणूस! आपल्याला सबमिशनचं जमत नाही.

बागेत एक मोठा उघडा खडक आहे, वर केंपेगौडांच्या नावाचा बुरूज. तिथे नक्की चढा. संध्याकाळी वारा सुटतो आणि शहर खाली पसरलेलं दिसतं. आजीचे गुडघे दुखत होते, तरी माझा हात धरून थांबत थांबत ती वर आली. खडकावर बसल्यावर मी तिला सांगितलं, ‘आजी, हा दगड तीनशे कोटी वर्षांचा आहे.’

तिने तळव्याने तो चाचपला. म्हणाली, ‘मग बसू दे की मला जरा. त्याला काही घाई दिसत नाही.’